पुढून येणारा आवाज

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

सोनाजीची गाडी परत आली. पुढून उचलून साखळीनं ओढून आणली. पुढची दोन्ही चाकं जाम!

खुलताबादच्या घाटात उतरताना पुढून कडाड झालं आणि चाकांनी धरलं. गाडी वळलीच नाही, सरळ गेली, कठड्याला घासून थांबली. केबिनमध्ये सोनाजी, शेजारी त्याची बायको कस्तुराबाई, मागं अकरा कोकरं. "हातभर राहिलं व्हतं मिस्तरी, हातभर," सोनाजी म्हणाला. दोनदा म्हणाला. हात पसरून दाखवला.

शिव्या नाही दिल्या. उलट म्हणे, "तुझ्याबिगर कोण बघनार?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मिलिटरीच्या लिलावातली गाडी आहे. चारही चाकं ओढतात, म्हणून पुढच्या धुऱ्यातसुद्धा डिफरन्शियल, चाकं फिरवणारी दातेरी पेटी. सप्टेंबरात हीच गाडी 'आवाज करतीया' म्हणून आणली होती. मी मागचं डिफरन्शियल उघडलं. बेरिंग बदललं. झालं म्हणून चावी दिली.

वहिदा म्हणत होती — पुढून येतोय.

वहिदा आता नाही. आज सदतीसावा दिवस.

५ नोव्हेंबर, बुधवार

पुढच्या डिफरन्शियलचं झाकण उघडायला हात होत नाही. गाडी जॅकवर चढवून ठेवलीय आणि तिच्याभोवती फिरतोय नुसता. सोनाजीचे लोक मेंढरं घेऊन निघालेत, पायी. कोकरं, म्हातारी माणसं, भांडीकुंडी, सगळं या गाडीवर जातं. आठ दिवसांत पाहिजे म्हणाला.

लिहितोय कारण सदफनं वही दिली. तिच्या आईच्या, वहिदाच्या मातीनंतर सासरी निघाली तेव्हा हातात दिली — "अब्बा, बोलत नाही तर लिहा तरी." शाळा माझी मराठी, झेडपीची. घरात दखनी बोलतो, पण हात मराठीत चालतो. तर लिहितो. जे कुणालाच सांगितलं नाही ते इथं लिहितो.

मला ऐकू येत नाही.

म्हणजे येतं. इंजिन येतं, हातोडा येतो, समोर उभ्या बाप्याचं बोलणं येतं. बारीक आवाज गेलेत. सहा वर्षं झाली. बेरिंग बारीक ओरडतं ते नाही, पाखरं नाहीत, मोबाइलची घंटी नाही. आणि छावणीपासून मिटमिट्यापर्यंत लोक मला काय म्हणतात? कानवाला मिस्त्री! "कय्युमभाई गाडीत बसले की गाडी स्वतः सांगते कुठं दुखतंय." काय काय बोलतात लोक!

गाडी नव्हती सांगत. वहिदा सांगायची.

ट्रायलला गाडी नेताना मी गिऱ्हाइकाला म्हणायचो, बेगमला दर्ग्यावर नेतो, ट्रायल पण होऊन जाईल. ती बुरखा सावरत चढायची, खिडकीपाशी बसायची. तिचं ऐकणं लई तेज. आणि नावं तरी काय ठेवलेली आवाजांना! बारीक लांबट आवाज — मच्छर. जाड घरघर — चक्की. कटकट वाजलं की पापड. हात डॅशबोर्डवर ठेवला की आवाज पुढून. सीटच्या मागं टाकला की मागून. शेजारी मालक बसलेला असायचा, त्याला वाटायचं बाई तोल सांभाळतीय.

सहा वर्षांत एकदाही चुकली नाही. एकदाही!

६ नोव्हेंबर, गुरुवार

आजही झाकण उघडलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज वहिदाचा चालीसवां झाला, चाळीसाव्या दिवसाचा. बायका आल्या, कुराण झालं, बिर्याणी वाटली. सदफ आली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

शेजारची यास्मिन पण आली. वाचलं, उठली, गेली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिच्या न् आमच्या मोरीत एक भिंत. वीस वर्षं वाट्या इकडून तिकडं जायच्या त्या भिंतीवरून. मातीच्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. मी समोर आलो की दार लावून घेते. का? मी रडलो नाही म्हणून? मला रडायला चारचौघांत येत नाही, काय करू!

लिहून टाकतो एकदाचं.

पंचवीस सप्टेंबर, गुरुवार. सोनाजीच्या गाडीची ट्रायल. मी, वहिदा, कस्तुराबाई आणि सोनाजी. वहिदानं चढल्या चढल्या हात डॅशबोर्डवर ठेवला. पडेगावपासून दौलताबादपर्यंत काढला नाही. मला खालून जाड घरघर लागत होती — आता कळतंय, टायरची होती. मला वाटलं मागून येतंय. सोनाजी विचारतोय, "कुठून हाय मिस्तरी?" आणि मी म्हणालो, "मागून." वहिदा वाकून म्हणाली, "सामने से आरा जी. मच्छर है." तोंडासमोर तोंड आणून म्हणाली म्हणून ऐकलं. कस्तुराबाईनं बघितलं, सोनाजीनं बघितलं. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "तू पानी पी और चुप बैठ. मिस्त्री मैं हूँ."

तिनं हात काढून मांडीवर ठेवला.

मग तीन दिवस अबोला. शुक्रवार, शनिवार, रविवार. ताट वाढायची, बोलायची नाही. मी रविवारी गाडी देऊन टाकली, तिला ट्रायलला न नेता. ऐटीत!

सोमवारी सकाळी मी दारात बूट घालत होतो. ती चुलीपाशी, पाठ माझ्याकडं. काहीतरी बोलली! ओठ दिसले नाहीत. सात-आठ शब्द असतील. मला वाटलं, सुटला अबोला. असा खूश झालो! परत विचारलं असतं "काय म्हणालीस" तर तिला कळलं असतं, ऐकलं नाही. वाटलं, बोलली तेवढं पुरे, मोडायला नको. म्हणालो, "हौ, शाम को देखते."

हे माझं ठरलेलं उत्तर. कुणी काय बोललं कळलं नाही की हेच. कुठल्याही सवालाला चालतं. गिऱ्हाइकाला चालतं, पोरीला चालतं, मौलानाला चालतं. सहा वर्षं चाललं.

दुपारी जेवायला आलो. ती मोरीपाशी पडलेली. दवाखान्यात म्हणाले, हार्ट. तासभर झाला असेल जाऊन.

काय बोलली असेल? चाळीस दिवस एवढंच डोक्यात. एखाद्या दिवशी वाटतं, "सामनेवाला खोल के देखो" असं म्हणाली असेल. एखाद्या दिवशी वाटतं, "गुस्सा हो क्या अब भी?" दुसरं जास्त आवडतं. तेच धरून झोपतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

उघडलं.

पुढच्या डिफरन्शियलचं तेल काढलं. काळं निघायला पाहिजे, निघालं चांदीसारखं. सगळा लोखंडाचा भुगा. पिनियनचं, म्हणजे लहान दातेरी चाकाचं बेरिंग फुटलेलं, रोलर खड्ड्यांनी भरलेले. एका दिवसात नाही होत असं. दोन-अडीच महिने ओरडत असणार. पिनियनचे दोन दात तुटून क्राउनमध्ये, मोठ्या चाकात अडकले आणि चाकं धरली.

ऑगस्टपासून मच्छर तिथं होता. पुढं! ती बोट ठेवून सांगत होती. सप्टेंबरातच हे झाकण खोललं असतं तर एक बेरिंग बदललं की झालं असतं. अर्ध्या दिवसाचं काम.

हातात बेरिंग घेऊन मी गाडीखालीच पडून राहिलो. रडलो. घ्या, आता रडलो! यास्मिनला कुणी सांगा.

९ नोव्हेंबर, रविवार

क्राउन आणि पिनियन जोडीनं येतात. कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेले, दोघांवर एकच नंबर कोरलेला. पिनियन गेला की क्राउन चांगला असला तरी काढायचा. दुसऱ्याच्या पिनियनवर तो नीट चालतच नाही, आवाज करतो.

या क्राउनचा एकही दात तुटलेला नाही. धुऊन फळीवर ठेवला. भंगारात टाकवत नाही.

नवी जोडी मिलिटरी मालाच्या दुकानात मिळाली. ग्रीस लावलेली, तेलकट कागदात, नंबर जुळले.

१० नोव्हेंबर, सोमवार

शहागंजला गेलो, शेंदूर आणायला.

शेंदूर तेलात कालवून क्राउनच्या दातांना लावायचा, चाक फिरवायचं, पिनियन कुठं टेकतो त्याचा डाग पडतो. डाग दाताच्या मध्यात आला की बसणी बरोबर. कडेला आला की आवाज करणार. आमच्या उस्तादनं शिकवलेलं. तो पण मुसलमान, तो पण पूजेच्या दुकानातून शेंदूर आणायचा. नंतर ते काम वहिदाकडं. ती भाव करून आणायची, अंगठ्यानं कालवायची आणि अंगठा पुसायची कुठं? माझ्या सदऱ्याला! सगळ्या सदऱ्यांच्या बाहीवर तिचे लाल डाग. धुऊन जात नाहीत. मी किती ओरडायचो.

दुकानदारानं पुडी बांधता बांधता, मान खाली घालून, काही विचारलं. तोंडातून निघून गेलं — "हौ, शाम को देखते."

तो थांबला. पुडी खाली ठेवली. मग मोठ्यानं म्हणाला, "अहो मिस्त्री, वहिनी कशानं गेल्या विचारतोय!"

पुडी तिथंच राहिली. अर्ध्या रस्त्यातून परत जाऊन घेतली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर गाडीखाली. नवी बेरिंगं, नवी जोडी, नवं सील. पिनियनमागच्या पातळ चकत्या चार वेळा बदलल्या. डाग कडेला येतोय, एक चकती काढा. आता खाली येतोय, अर्धी घाला. पाचव्यांदा दाताच्या मधोमध बसला. शेंदूर मीच कालवला. अंगठा नकळत बाहीला पुसला.

हात अजून चुकत नाहीत. हाताचं सगळं बरोबर झालंय. पण गाडी रस्त्यावर पळेल तेव्हा गप्प आहे की नाही, हे हात सांगू शकत नाहीत.

उद्या सोनाजी येतोय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सांगून टाकलं.

ट्रायलला मी आणि सोनाजी. खिडकीपाशीची जागा रिकामी. दौलताबाद गेलं, घाट लागला. रेस दिली, रेस सोडली, पुढची चाकं जोडली, सोडली. इंजिन ऐकू येतंय. बाकी काही नाही. काही नाही म्हणजे गाडी गप्प आहे, का मी बहिरा आहे? काय सांगू! सारखं डावीकडं डॅशबोर्डकडं बघत होतो. तिथं सोनाजीची टोपी ठेवलेली.

"कसंय मिस्तरी? हाय का आवाज?"

"एकदम क्लिअर" तोंडात आलेलं. तेवढ्यात तो कठडा आला. दगडावर हिरवा रंग घासलेला, गाडीचा. त्याच्या पलीकडं कायच नाही, नुसती दरी.

गाडी बाजूला घेतली. म्हणालो, "सोनाजी, मला ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली. गाड्या वहिदा ऐकायची. तुझी पण तिनंच ऐकली होती. पुढून म्हणाली होती. मीच मागून म्हणालो."

तो आधी हसला. मस्करी वाटली. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि चेहरा उतरला. मग चढला!

"म्हंजी तू अंदाजावर गाडी दिली मला? माझी बायकू बसली व्हती हितं! बहिऱ्यानं कानाचा धंदा मांडला व्हय रं?"

खाली उतरला. रस्त्यावर उभा राहून बोलला, येणारे जाणारे थांबले इतकं बोलला. मी सगळं ऐकलं. जे ऐकलं नसतं तरी चाललं असतं ते बरोबर ऐकू येतं मला.

चावी घेतली. स्वतः चालवत आला, मला गॅरेजपाशी उतरवलं आणि गाडी तिथंच सोडून गेला. "दुसऱ्याला दावतो आधी," म्हणाला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सगळ्या लाइनीला कळलं. पंक्चरवाला हातवारे करून विचारतो, चहा सांगू का? वेल्डिंगवाला कानापाशी येऊन ओरडतो. चला, एवढी तरी सोय झाली.

एक गोष्ट सांगू का? हलकं वाटतंय. चारजण आले न् म्हणाले, "म्हणजे ते सगळं भाभी करत होत्या?" मी म्हणालो, व्हय. ती करत होती. परत परत सांगितलं. तिचं नाव इतक्या जणांच्या तोंडून एका दिवसात कधी ऐकलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नमाजहून आलो तर कस्तुराबाई गाडीपाशी उभी. एकटीच. एष्टीनं आली खुलताबादहून.

माझ्या तोंडासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "काड गाडी. मी आयकते."

"सोनाजी?"

"त्येचं डोस्कं तापलंय. हुईल गार. मला शंभर मेंढरांत माझं कोकरू वरडलेलं कळतं. चल."

वहिदाच्या जागेवर बसली. घाट चढलो, उतरलो. मी सांगितलं — पुढून आवाज आला तर हात इथं ठेव, मागून आला तर मागं टाक. ती डोळे मिटून बसली, हात मांडीवर. दौलताबादच्या दरवाजापर्यंत हलली नाही. माझा जीव तिच्या हाताकडं. मग डोळे उघडले.

"पुढं काय बी नाय. गप हाय. मागं फळकुट वाजतंय एक, त्येवढं आवळ."

गाडी थांबवून मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. बाईनं माझा खांदा हलवला आणि माझं बघणं तिच्याकडं झाल्यावरच बोलली — "त्या दिशी वहिदाबीचा हात मी बघितला व्हता. पुढंच व्हता. तू वरडलास तवा तिनं माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. म्हनली, घरला गेल्यावर सरळ करते ह्येंला."

मिचकावला! म्हणजे रागावली नव्हती. तीन दिवस अबोला धरून मलाच सरळ करत होती. मी वेडा, मला वाटलं मन मोडलं तिचं.

मग सोमवारी जे बोलली ते गोडच असणार. "गुस्सा हो क्या अब भी?" हेच. नक्की हेच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सोनाजी गाडी घेऊन गेला. फळकुट आवळलंय. जाताना नुसता हात वर केला.

सदफचा मेसेज — कानाच्या डॉक्टरची वेळ घेतलीय, गुरुवारी, मशीन बसवायचंच. तिची आई सहा वर्षं पाठीमागं लागलेली. मी म्हणायचो, मिस्त्रीच्या कानात मशीन दिसलं तर गाड्या कोण आणेल? लिहिलं — व्हय, येतो. यावेळी वाचून लिहिलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

यास्मिन आली. सकाळी, स्वतःहून. दारातच उभी, डोळे रडून सुजलेले. माझ्या तोंडासमोर येऊन, एकेक शब्द सुटा करून बोलली.

म्हणाली, "भाईजान, माफ करो. हमको मालूमच नहीं था आपको सुनाई नहीं देता. हम समझे, आप सुनके भी चले गए."

मी विचारलं, काय सुनके?

ती त्या सोमवारी मोरीत भांडी घासत होती. भिंतीपलीकडून तिला आमच्या घरातलं सगळं ऐकू आलं. वहिदा म्हणाली होती, "सुबह से सीने में दुखरा जी, दवाखाने ले चलो." आणि मी म्हणालो होतो, "हौ, शाम को देखते."

भिंतीपलीकडं ऐकू आलं. मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बूट घालत होतो.